टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात

दिवाळी झाली की वाळवा, पलूस, कराडच्या पट्ट्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसं आपल्या आरोग्य उपकेंद्राचीच असतात, पण यादीत नसतात. तेव्हा पहिल्या आठवड्यातच टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून कोयत्यांची (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) संख्या घ्या आणि कोपी-कोपी फिरून पाच वर्षांखालची पोरं, गरोदर बाया, टीबी-बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले लिहून काढा. सकाळी दहाला गेलात तर कोप्या रिकाम्या, सगळे फडात. संध्याकाळी चूल पेटायच्या वेळेला जा. दवाखान्यासाठी दिवस मोडला तर खाडा पडतो, पैसे कापले जातात, म्हणून कुणी येत नाही. याला अडाणीपणा म्हणणं चुकीचं आहे.

लसीकरणाचं कार्ड बहुतेक गावी पेटीत राहिलेलं असतं. मोबाईल नंबरवरून यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) शोधा, नाहीतर तिथल्या आशाताईंना फोन लावा. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिला तिथून पुढे. पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू झाला पाहिजे, त्यामुळे दहा-अकरा महिन्यांची पोरं आधी गाठा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. ही कुपी कालवल्यावर चार तासांत वापरावी लागते. म्हणून दोनच पोरं असली की कुपी फोडायला हात आखडतो. आखडू नये. उरलेले डोस फेकावे लागले तरी चालतील. दाटीच्या कोप्यांत गोवर शिरला तर आवरत नाही.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहगोळी, 180 दिवस. कॅल्शियम वेगळ्या वेळेला, दोन तासांचं अंतर ठेवून. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही, आणि बाई रक्त कमी असतानाच मोळी उचलत राहते. एकदम महिनाभराच्या गोळ्या द्या, पंधरा दिवसांत टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. कळा सुरू झाल्यावर 108 ला काय पत्ता सांगायचा? गट नंबर, मळ्याच्या मालकाचं नाव आणि डांबरी रस्त्यावरची खूण एका चिठ्ठीवर लिहून ती कोपीतच अडकवून ठेवा.

जुलाबात ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, 24 तासांत संपवायचं. पेल्यात थोडं थोडं टाकलं की प्रमाण बिघडतं. सोबत झिंक 14 दिवस: सहा महिन्यांपुढे 20 मिलिग्रॅम, त्याखाली (दोन महिन्यांपासून) 10. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी घरात झिंकही थांबतं; तसं करायचं नाही, 14 दिवस पुरे करायचे, हे आईला आधीच सांगा.

टीबीच्या पेशंटचा निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला नंबर) विचारा, नवा काढू नका. जुन्यावरच बदली होते. आणि पट्टा पडायच्या (कारखान्याचा हंगाम संपायच्या) आधी प्रत्येक कार्डावर पुढच्या डोसची तारीख लिहून कार्डाचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्या मोबाईलवर टाका.