पोलीस ठाणे का सोडले, हे तुम्ही विचारलेत म्हणून

हा प्रश्न मला निरनिराळ्या आवाजांत विचारला जातो. नातेवाईक आवाज खाली आणून म्हणतात, "काही चौकशी लागली का?" खात्यातले सहकारी हसत म्हणतात, "मॅडम, टेबल बरे मिळाले, वशिला कोणाचा?" आणि भरतीची तयारी करणाऱ्या, पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुली सरळच विचारतात, "ताई, तुम्ही ठाणे का सोडलेत?" पहिल्या दोघांना उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. मी हे लिहिते आहे ते मुलींसाठी. इतरांनी वाचले तर हरकत नाही, निदान पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तोच प्रश्न पुन्हा ऐकावा लागणार नाही.

चौकशी लागलेली नाही, निलंबनही झालेले नाही. अर्दली रूममध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या विनंत्या-तक्रारी ऐकल्या जातात तेथे, साहेबांसमोर उभे राहून मी स्वतः बदली मागितली, ती मिळाली, आणि आता मी लोकांच्या चारित्र्य पडताळणीचे अर्ज तपासते.

पोलीस प्रेते पाहून निबर होतात, असे लोक समजतात, आणि हवालदाराची फीत लागेपर्यंत मीही तेच सांगत असे. आमच्या खानदेशात विहिरी खोल आहेत आणि कपाशीवर फवारायचे औषध घरोघर असते, त्यामुळे अकस्मात मृत्यूची नोंद ही ठाण्यातली नित्याची गोष्ट आहे. त्यात प्रेत बाईचे असेल तर अंगावरच्या खुणा पाहायला बाईच लागते, आणि तालुक्याच्या ठाण्यात आम्ही होतो किती? दिवसपाळी असो की रात्रपाळी, फोन ठरलेल्या दोघींपैकी एकीला येई. सप्टेंबर २०२१ मध्ये महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश निघाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आदेश चांगलाच होता, त्याची थट्टा मी करणार नाही. परंतु आठ तास संपले म्हणून विहिरीकाठी दुसरी बाई कोठून येणार, याचे उत्तर आदेशात नव्हते आणि असूही शकत नव्हते.

आता ज्या दिवसाबद्दल मी आजवर कोणाशीही धड बोलले नाही, त्याविषयी. २०२४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी होती आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचे लोकसभेचे मतदान १३ मे रोजी. आमच्या सगळ्यांच्या रजा बंद होत्या. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी एका शेतातल्या विहिरीतून एक सासुरवाशीण वर काढली गेली. लग्नाला दोन वर्षेही झालेली नव्हती. तिचा भाऊ तिला सणासाठी माहेरी न्यायला त्याच दिवशी यायचा होता; तो आला, पण थेट विहिरीवर आला.

लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत असा मृत्यू झाला, तर पंचनामा पोलिसांनी नव्हे, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी करायचा असतो. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ आणि १७६ प्रमाणे चाले, त्याच वर्षीच्या १ जुलैपासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ आणि १९६ प्रमाणे चालते. हा नियम असावाच, कारण सासर वजनदार असले की ठाण्यातला कागद कसा वाकतो हे मला बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. मात्र त्या दिवशी तहसील कार्यालय मतदानाच्या साहित्यात बुडालेले होते, आणि दंडाधिकारी म्हणून नायब तहसीलदार येईपर्यंत दुपार कलली. तोवर प्रेताला हात लावायचा नाही, जवळ कोणाला येऊ द्यायचे नाही, आणि तेथून हलायचे नाही, एवढेच माझे काम होते.

निंबाची सावली सरकत होती आणि प्रेत सरकवता येत नव्हते. एका बाजूला सासरचे लोक खाली मान घालून बसलेले, दुसऱ्या बाजूला माहेरची माणसे, त्यांच्यातले तरुण "सरण यांच्याच दारात रचू" असे ओरडत होते, आणि मध्ये मी व एक होमगार्ड. मुलीची आई ओरडत नव्हती. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "माय, मन्ही पोरले उनमा नका ठेवा." मी तिला कायदा समजावून सांगितला. मी तो नीट सांगितला, शब्द बरोबर होते, आवाज सौम्य होता. तिने सगळे ऐकून घेतले, मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. सावली जाई तसतशी ती आपला पदर पसरून चादरीच्या कडेला उभी राहू लागली. नियमाप्रमाणे मी तिला मागे हटवायला हवे होते. मी हटवले नाही, आणि मदतही केली नाही. तिच्याशेजारी उभी राहून घड्याळ पाहत राहिले.

पुढे पंचनामा झाला. मी सांगत गेले आणि लिहिणारा लिहीत गेला: डाव्या मनगटात हिरव्या काचेच्या चार बांगड्या, पैकी एक तडकलेली, दोन्ही तळहातांवर मेंदी, रंग ताजा. प्रेत ग्रामीण रुग्णालयात पोहोचवून मी ठाण्यात परतले, तेव्हा फळ्यावर मतदान बंदोबस्ताची यादी लागली होती आणि त्यात माझे नाव होते.

त्या रात्री मला काहीही झाले नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला रडणे अपेक्षित असते. मी जेवले, झोपले आणि बंदोबस्त पार पाडला. झोप गेली ती पावसाळ्यात. माझी मुलगी दहावीत होती. तिच्या खोलीची आतली कडी मी एके दिवशी पेचकसाने काढून टाकली आणि तिला सांगितले की लाकूड सडले आहे. रात्री उठून मी तिचा श्वास पाहत असे. स्टेशन डायरी लिहिताना वेळ टाकायची विसरत असे. घरच्यांनी आधी कुलदैवताला नेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नंतर मी एकटी, साध्या कपड्यांत, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दुसऱ्या गावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, तर बाकावर आमच्याच खात्यातले एक जण बसलेले. आम्ही दोघांनी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर फार बारकाईने वाचले.

रजेच्या अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडणार, तेवढ्यात आमच्या कारकूनदादांनी तो हातात घेतला, दार लोटले आणि म्हणाले, "ताई, कंबरदुखी लिहा. हे एकदा सेवापुस्तकात गेले की निघत नाही." माणूस मायेने बोलत होता. कोणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो वेडा ठरत नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि ते मला तेव्हाही माहीत होते. मी कंबरदुखी लिहिली. कायदा बजावणारीने असे करावे का, असे माझे मन मला अधूनमधून विचारते. मी त्याला विचारते की घराचा हप्ता तू भरणार आहेस का. हे भांडण मिटलेले नाही.

तणावमुक्तीचे शिबिरही आम्हाला झाले होते. रात्रगस्त संपवून थेट सभागृहात, सक्तीची हजेरी. वक्ते भले होते, दीर्घ श्वास घ्या म्हणाले. अर्ध्या सभागृहाने तो घेतला आणि घोरायला सुरुवात केली. मला तेथे जो खरा लाभ झाला तो पंख्याखालच्या तासाभराच्या झोपेचा.

प्रशिक्षणात आम्ही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ अभिमानाने पाठ केले होते: पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाईल. ते पाठ करणारी मुलगी मला आजही आवडते आणि तिचा रागही येतो. तिला वाटे की थकणे हा कमकुवतपणा आहे. देशभरातील पोलिसांच्या २०१९ च्या एका पाहणीत, जी कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांनी केली होती, सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा निघाला. तिला तो आकडा दाखवला असता तर "मग काय झाले" असेच ती म्हणाली असती. मला वाटते, मला त्या प्रेताने आजारी पाडले नाही. त्या विहिरीनंतर मतदान, मतदानानंतर मतमोजणी, आणि मतमोजणीनंतर पुढचे काही, यांच्यामध्ये मोकळी जागा कोठेच नव्हती. पण डॉक्टर म्हणतात की असे एकच कारण शोधू नका, आणि माझे यजमान म्हणतात की मुलगी वयात आली म्हणून तू घाबरलीस. तेही अगदी चूक नसावेत.

मुलींनो, तुम्ही पुढचा प्रश्न विचारता तो असा की आम्ही फॉर्म भरावा की नाही. भरा. पगार स्वतःचा असतो, आणि विहिरीकाठी दुसरी बाई लागतेच. झोप उडाली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते आणि तो फुकट आहे. सेवापुस्तकात काय लिहावे, ते मात्र मला विचारू नका.

माझा येथला कालावधी संपत आला आहे आणि बदलीसाठी पसंतीची ठिकाणे लिहून मागितली आहेत. गोळ्या कमी झाल्या आहेत, कडी मुलीने स्वतः पुन्हा बसवून घेतली आहे. पहिल्या ओळीत मी ठाण्याचे नाव लिहिले होते, ते खोडले, आणि दुसऱ्या ओळीत पुन्हा लिहिले आहे. अर्ज अजून दिलेला नाही.