तीस हजार घातले आणि मुंगी लहान झाली

नवा कॅमेरा घरी आला त्या संध्याकाळी ओट्यावर साखरेचे चार दाणे ठेवले आणि मुंग्यांची वाट बघत बसलो. मुंग्या आल्या. डायलवर जवळून फोटो काढायचं फुलाचं चिन्ह लावलं, वाकलो, तर कॅमेरा फोकसच घेईना. थोडा मागे सरकलो, आणखी थोडा मागे. ओट्यापासून वीतभर लांब गेल्यावर एकदाचं 'पिप्' झालं आणि फोटो निघाला. ओटा छान आला होता. मुंगी कुठं आहे म्हणून बायकोनं विचारलं, तेव्हा मागच्या स्क्रीनवर दोन-तीनदा मोठी करून दाखवावी लागली.

"अहो, तीस हजार घातले आणि मुंगी लहान झाली?"

तिचं बोलणं थट्टेतलं होतं, पण शब्दशः खरं होतं. ते समजायला मला दोन पावसाळे लागले.

त्याआधी माझ्याकडे २००८ साली घेतलेला खिशात मावणारा कॅनन पॉवरशॉट ए७२० आयएस होता. ८ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, बस. त्याचं फुलाचं बटण दाबलं आणि झूम पूर्ण मागे ठेवला, की भिंगापासून १ सेंटिमीटरवरची वस्तूसुद्धा तो स्पष्ट टिपायचा. मी राहतो साताऱ्यात. यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पंचवीसेक किलोमीटरवर कास. ऑगस्ट-सप्टेंबरातला एखादा रविवार मोकळा मिळाला की स्कूटर काढायची, हे ठरलेलं. लोक तिथं फुलांचे गालिचे बघायला येतात. माझा जीव मात्र जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पाणी झिरपतं त्या कडेला उगवणाऱ्या दवबिंदूत अडकलेला. कीटक खाणारी ही वनस्पती जेमतेम बोटभर. सड्यावरच्या पातळ, निकस मातीत पोषण पुरत नाही म्हणून पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब धरून माश्या-चिलटं पकडते. तो छोटा कॅमेरा ओल्या खडकावर आडवा ठेवला, की समोर थेंबांनी लखलखणारं पान आणि मागे धुक्यात गेलेला सडा, असं दोन्ही एका चौकटीत यायचं. थेंबात सड्याचं उलटं चित्रसुद्धा दिसायचं.

मग बदललं कशाला? कारण दवबिंदू पळत नाही, पण चतुर पळतो. एक सेंटिमीटरवर भिंग नेऊ देईल असा कीटक एक तर मेलेला असतो, नाहीतर थंडीनं गारठलेला. त्यात कॅमेऱ्याचीच सावली पडते आणि फ्लॅशचा उजेड भिंगाच्या नळीमागे अडतो. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत जो क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात नाकतोडा पुढच्या पानावर. माझ्याकडे रिकाम्या पानांचा मोठा संग्रह झाला होता. २०१० मध्ये मुंबईला गेलो असताना फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन कॅननचाच ईओएस १०००डी हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घेतला, सोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्ससकट. दुकानदाराला "मॅक्रो होईल ना?" असं विचारलं. (मॅक्रो म्हणजे बारीक वस्तूचा जवळून घेतलेला मोठा फोटो.) तो हो म्हणाला. विचारण्यात चूक माझी होती. कशाचं ते न सांगता पाव किलो मिळेल ना, असं विचारल्यासारखं झालं ते.

साखरेच्या प्रसंगानंतर मुलीची फूटपट्टी घेतली आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी, जास्तीत जास्त जवळ जाऊन, तिचे फोटो काढले. छोट्या कॅमेऱ्याच्या चौकटीत फूटपट्टीचे सुमारे अडीच सेंटिमीटर मावले. नव्याच्या चौकटीत साडेसहा. म्हणजे मुंगी खरोखरच अडीचपट लहान झाली होती. मॅक्रो करायचं असेल तर कुणीही आधी ही फूटपट्टीची चाचणी करावी. दोन मिनिटं लागतात आणि जाहिरातीतले सगळे शब्द बाजूला पडतात. १०००डीचा सेन्सर, म्हणजे आत प्रतिमा पडते ती पट्टी, २२.२ मिलिमीटर रुंद आहे. फूटपट्टीचे तेवढेच मिलिमीटर चौकटीत आले, तर ते १:१, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. सोबतची लेन्स फार तर एक-तृतीयांशापर्यंत जाते.

आणि फुलाचं चिन्ह? छोट्या कॅमेऱ्यात ते बटण दाबलं की लेन्सची फोकसची हद्दच जवळ सरकते. डीएसएलआरच्या डायलवर तेच चित्र असतं, पण ते फक्त एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते), फ्लॅश वगैरे आपल्या मनानं लावतं. लेन्स आहे तिथंच राहते. दोन वेगळ्या गोष्टींवर एकच फूल का काढलंय, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

खरी मॅक्रो लेन्स त्या वेळी कॅमेऱ्यापेक्षा महाग होती. घरात तो विषय काढायची हिंमत नव्हती. वाट दाखवली ती आमच्या पेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांनी. त्यांच्याकडे रिळाच्या जमान्यातला पेंटॅक्स के१००० होता. बॉडी बंद पडलेली, पण ५० मिमीची लेन्स ठणठणीत.

"आरं, लेन्स उलटी लावून बघ की."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण उलटी लेन्स जवळचं मोठं दाखवते, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. ४९ मिमीची रिव्हर्स रिंग काही शेकड्यांत मागवली. एका बाजूनं ती कॅमेऱ्याला बसते, दुसऱ्या बाजूनं लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांत. फूटपट्टी पुन्हा बाहेर आली: ३० मिलिमीटर. मध्ये एक्स्टेंशन ट्यूबच्या पोकळ नळ्या घातल्या, तेव्हा २० च्याही आत. जुन्या लेन्सचा मोठा फायदा असा, की तिच्यावर ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत येतो ते भोक लहानमोठं करायची, रिंग असते. नव्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून विजेवर चालतं. ती उलटी लावली की तारच तुटते आणि ॲपर्चर उघडंच राहतं.

आता मुंगी मोठी झाली. पण धूसर. डोळा स्पष्ट तर मिशा गायब, मिशा स्पष्ट तर डोकं लोण्यासारखं. छोट्या कॅमेऱ्यात असं कधी झालं नव्हतं, म्हणून आठवडाभर मी लेन्सला दोष देत होतो. कारण वेगळंच होतं. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद. अडीच सेंटिमीटरचं दृश्य त्यावर बसवायचं तर ते चौपटीहून जास्त लहान करावं लागतं. तेच दृश्य २२ मिलिमीटरच्या सेन्सरवर जवळजवळ मूळ आकारात उतरतं. प्रतिमा जितकी मोठी, तितका फोकसमध्ये येणारा थर पातळ. १:१ वर ॲपर्चर एफ/११ इतकं बारीक ठेवलं (आकडा मोठा, तेवढं भोक लहान) तरी तो थर मिलिमीटरभरही जाड नसतो. म्हणजे 'सगळं कसं स्पष्ट येतं' ही जी छोट्या कॅमेऱ्याची करामत मी माझ्या हाताची समजत होतो, ती त्याच्या नखाएवढ्या सेन्सरची होती. हे पचवायला वेळ लागला.

यावर उपाय म्हणजे ॲपर्चर आणखी बंद करायचं. ते केलं की उजेड संपतो. शिवाय १:१ वर लेन्सवर ११ लिहिलेलं असलं तरी उजेड २२ इतकाच पोचतो, आणि १६ च्या पुढे गेलं की सगळंच थोडं मऊ पडायला लागतं. त्यात माझी लेन्स उलटी, म्हणजे ११ वर ठेवली की डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमध्येही अंधार. एफ/२ वर उघडून फोकस धरायचा, मग न हलता डाव्या हातानं रिंग ११ वर फिरवायची, मग बटण. एवढं होईस्तोवर थांबणारे कीटक फारसे नाहीत. कासच्या धुक्यात तर दुपारी बारालाही हा खेळ जमेना.

खरी शिकवणी सुरू झाली ती उजेडाची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला तर लेन्सच्या नळीची गोल सावली नेमकी किड्यावर. मग स्वस्तातला चायनीज मॅन्युअल फ्लॅश घेतला, चार पेन्सिल सेलवाला, आणि तो कॅमेऱ्यापासून सुटा करायला कॉर्ड. पहिल्याच दिवशी एका काळ्या मुंगळ्याचा फोटो काढला. पाठीवर पांढरा चट्टा, बाकी कोळसा. चकचकीत पाठ म्हणजे आरसाच, फ्लॅशचा तो बारीक चौकोन तिच्यात जसाच्या तसा दिसतो. उजेडाचा स्रोत किड्याच्या मानानं मोठा आणि जवळ हवा, हे कळलं आणि मग घरातली कुठली पांढरी वस्तू माझ्या तावडीतून सुटेना. बटर पेपर, दह्याचा डबा, थर्मोकोलची ताटली. शेवटी जमलं ते असं: वेफर्सचा उभा गोल डबा, आतून चकचकीत असतो तो, फ्लॅशच्या तोंडाला बसवून उजेड लेन्सच्या टोकापर्यंत आणला, आणि टोकाला टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम दुहेरी करून, थोडा वाकवून चिकटवला. हे यंत्र घेऊन यवतेश्वरला टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा एकानं रस्त्याचा सर्व्हे आहे का म्हणून विचारलं.

या डब्यानं जेवढा फरक पडला, तेवढा कॅमेऱ्यानं पडला नव्हता. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, एफ/११, फ्लॅश १/८ ताकदीवर. हे आकडे एकदा जमले आणि मग महिनोन्महिने बदलावे लागले नाहीत. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो, की हात थोडा हलला तरी फोटो हलत नाही. उजेड लांब पोचत नाही म्हणून मागचं सगळं काळंकुट्ट येतं, एवढीच खोट. त्यावर तोडगा सोपा: किड्याच्या मागे चार बोटांवर एखादं पान येईल असा कोन शोधायचा.

ऑटोफोकस उलट्या लेन्सला नव्हताच, पुढे मिळाला तेव्हाही मी तो बंदच ठेवला. मॅक्रोत तो पुढेमागे धावत राहतो, देवळात चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा. किती मोठं हवं ते आधी ठरवायचं आणि फोकससाठी स्वतः पुढेमागे झुलायचं. कोपर गुडघ्यावर, श्वास सोडताना हळूहळू पुढे, डोळा चमकला की बटण. वाऱ्यात ट्रायपॉडपेक्षा दुसरी युक्ती बरी: डाव्या हाताच्या दोन बोटांनी देठ धरायचा आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची. मग वाऱ्यानं पान हललं तर कॅमेराही त्याच्याबरोबर हलतो. दहात एक फोटो बरा आला तरी तो दिवस चांगला मानतो. वेळ सकाळची, उन्हं वर यायच्या आधी. चतुर रात्रीच्या दवानं जड झालेला असतो आणि उडायच्या विचारातही नसतो.

एक नुकसानही सांगतो. पहिल्या पावसाळ्यात काकांची लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवली होती, जपून म्हणून. चामडं ओल धरतं. गणपतीत काढली तर काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. काका काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. तेव्हापासून लेन्सा चकलीच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दिवाळीत डब्यावरून वाद होतो. सड्यावर उघड्या धुक्यात लेन्स आणि ट्यूबची अदलाबदलही बंद केली. सेन्सरवर बसलेली धूळ एफ/११ वर माशांच्या अंड्यांसारखी दिसते. छोट्या कॅमेऱ्यात ही भानगडच नव्हती.

२०१३ मध्ये शेवटी १०० मिमीची मॅक्रो लेन्स घेतली, वापरलेली. ती १:१ वर असताना तिच्या टोकापासून किड्यापर्यंत वीतभर नाही, पण चांगलं १५ सेंटिमीटर अंतर राहतं. व्ह्यूफाइंडर उजळ, ॲपर्चर फोटोच्या क्षणीच बंद होतं. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे चारही डोळे पहिल्यांदा एका चौकटीत आले, तेव्हा मी ते बायकोला दाखवायला स्वयंपाकघरात धावलो. तिनं कोळी कुठं सापडला एवढंच विचारलं. त्याच स्वयंपाकघरात, हे मी सांगितलं नाही.

गेल्या सप्टेंबरात पुन्हा कासला गेलो. बारीक भुरभुर होती. एका दवबिंदूच्या पानाला नुकतंच चिलट चिकटलं होतं, एक पंख अजून हलत होता आणि आजूबाजूचे केस सावकाश त्याच्यावर वाकत होते. पायवाटेच्या कडेलाच पालथा झालो आणि मोठ्या कॅमेऱ्यानं चाळीसेक फोटो काढले. पंखाच्या शिरा, थेंब, डोळा, सगळं आलं. मागे मात्र नुसता हिरवट रंग. १०० मिमीच्या लेन्समधून सडा दिसतच नाही. चिलट कासला मेलं की आमच्या परसात, काही कळायला मार्ग नव्हता. पिशवीच्या तळाशी छोटा कॅमेरा होता. काढला तर सेल मेलेले, चार्ज करायचे राहून गेले होते. मग फ्लॅशचं झाकण उघडलं, त्यातले दोन पेन्सिल सेल काढून छोट्यात घातले आणि तो ओल्या खडकावर आडवा ठेवला.