मेलारेनचा स्पिनर आणि मामांच्या तलावातली मरळ

व्हेस्टेरोसला येऊन माझा हा चौथा उन्हाळा. ऑफिस सुटलं की सायकलला मासेमारीचा रॉड बांधायचा आणि मेलारेनचा काठ गाठायचा. हा स्वीडनमधला तिसऱ्या क्रमांकाचा तलाव, आपल्या नाथसागराच्या तिपटीहून मोठा. जूनमध्ये रात्री दहालाही चांगला उजेड असतो.

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथं ठेकेदाराला पैसे द्यावे लागतात का?" नाही लागत. १९८५ पासून इथल्या पाच मोठ्या तलावांत रॉड घेऊन कुणालाही मासे धरता येतात. बाकीच्या तलावांना परवाना काढावा लागतो, त्याला फिस्केकोर्ट म्हणतात.

मी वाढलो माजलगाव धरणाच्या पाण्यावर. तिथं आमची मासेमारी म्हणजे बांबूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. तरंगा बुडेपर्यंत गप बसायचं. स्पिनर म्हणजे फिरत्या पात्याचा धातूचा गळ, त्याला आमिष नाही आणि बसणंही नाही. बोटभर तार, तिच्यावर पितळी वजन, वर अंगठ्याच्या नखाएवढं पातं आणि खाली तीनतोंडी गळ. पाण्यातून ओढला की पातं तारेभोवती गरगर फिरतं. मी वापरतो ते मेप्सचे, दोन आणि तीन नंबरचे. ही फ्रान्सची कंपनी १९३८ पासून हेच बनवते.

पहिला महिना एक मासा लागला नाही. लांब फेकायचो, भराभर रीळ फिरवायचो. एका संध्याकाळी लाकडी धक्क्यावर उकिडवा बसलो आणि स्पिनर पायाशी, स्वच्छ पाण्यात ओढून पाहिला. पातं तारेला चिकटून बसलेलं, खिळा ओढावा तसा स्पिनर सरळ येत होता. मनगटाने हलकासा झटका दिला, तेव्हा पातं सुटलं आणि फिरायला लागलं. मग वेग कमी करत गेलो, पातं फिरायचं थांबेल इतका. थांबायच्या जरा अलीकडचा जो वेग, तोच खरा. तो डोळ्यांनी नाही, बोटाला कळतो. तंगूस तर्जनीवर घेतलं की बारीक थरथर लागते. लहानपणी पलीकडच्या खोलीत आईची शिलाई मशीन चालू असली की भिंतीला हात लावून कळायचं, अगदी तशी.

त्याच आठवड्यात अबोर्रे नावाचा पहिला मासा लागला. अंगावर काळे उभे पट्टे, लालभडक पर, पाठीवर टोचणारे काटे. मग येड्डाही लागला. बदकाच्या चोचीसारखं तोंड, आत सुयांसारखे दात. त्यानं तंगूस कापून स्पिनर नेला, तेव्हापासून पुढं वीतभर स्टीलची तार जोडतो. आणि फिरकी, म्हणजे तंगूस पिळू न देणारी फिरती कडी, जोडायला विसरू नका. नाहीतर पात्याबरोबर तंगूसही पिळत जातं आणि रिळावर असा गुंता होतो की कापूनच टाकावा लागतो.

माशाच्या दोन्ही कुशींवरून पार्श्वरेषा जाते. पाण्यातली हालचाल त्याला तिथं कळते, म्हणजे माझ्या बोटाला लागते ती थरथर त्यालाही लागते. हे समजलं आणि मला गावाकडचं गढूळ पाणी आठवलं. चमक दिसली नाही तरी थरथर तर पोचेल.

मे महिन्यात लग्नाला गावी गेलो, तेव्हा पिशवीत स्पिनरची डबी होती. मामांच्या शिवारातला पाझर तलाव आटून चहाच्या रंगाचा झाला होता, काठानं बेशरम माजलेली. पहाटे साडेपाचला गेलो. मामा काठावर बसले, डोक्याला पंचा. म्हणाले, "आरं, चमचा कशाला टाकायलास पाण्यात?"

पहिले दोन स्पिनर बेशरमाच्या मुळांत गेले. इथं समोर फेकून चालत नाही. झुडपांच्या कडेनं, मोकळ्या पट्ट्यात, काठाला समांतर फेकावं लागतं. मरळ तिथंच असते. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाण्यावर वर्तुळ उठतं. मामांनी तेच बोटानं दाखवलं. मी वर्तुळाच्या पलीकडं फेकला, झटका दिला आणि संथ ओढायला लागलो. थरथर, थरथर, आणि मधेच एकदम बंद. पुढच्या क्षणी रॉड वाकला. हातभर मरळ निघाली, काळी, सापासारख्या डोक्याची.

मग रॉड मामांच्या हाती दिला. त्यांनी तंगूस बोटावर घेतलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"चालू हाय की," ते म्हणाले. "आतून चालू हाय."

ऊन चढेपर्यंत त्यांनी रॉड सोडला नाही. एकही लागली नाही, तरी सोडला नाही. निघताना मी एक पितळी स्पिनर त्यांना दिला. त्यांनी तो कागदात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला.

"आता पाऊस लागंल," मामा म्हणाले. "आखाडात मरळीची पिल्लं तांबडा गोळा करून वर फिरतात, खाली आई राखणीला. ती कशावरबी झडप घालती. तवा टाकायचा नसतो. दिवाळी झाली की काढीन."