जात विचारा, पण त्याआधी पहिले चौदा आठवडे विचारा

कुत्रा चावला की लोक पहिल्यांदा विचारतात, "कोणत्या जातीचा होता?" खरं तर विचारायला हवं की पिल्लू आईपासून कितव्या आठवड्यात तोडलं, ते दिवसभर बांधलेलं असतं का आणि गुरगुरल्यावर मार खातं का.

जातीला काहीच अर्थ नाही असं नव्हे. रॉटवायलर किंवा पिटबुलचं वजन आणि जबडा मोठा. लहान कुत्रा चिडला तर ओरखड्यावर निभावतं, तिथे यांच्या चाव्याला शस्त्रक्रिया लागू शकते. चिडका किंवा भित्रा स्वभाव आईबापांकडून पिल्लात उतरू शकतो, म्हणून निदान आई तरी बघूनच पिल्लू घ्यावं. पण नुसत्या जातीवरून समोरच्या कुत्र्याचा स्वभाव ओळखता येत नाही. 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यात जातीचा वाटा 9 टक्क्यांच्या आसपास निघाला. कुत्रा किती चटकन भडकेल, हे तर जातीवरून जवळजवळ कळतच नाही.

मग स्वभाव घडतो कधी? तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की खेळ थांबतो, आणि पिल्लू दात हलके लावायला शिकतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आणूच नये. आणल्यावर मुलं, काठी टेकणारी माणसं, छत्री, हेल्मेट, मिक्सरचा आवाज, सगळं दुरून आणि थोडा थोडा वेळ दाखवावं. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन फिरवावं. जवळ जायचं की नाही हे पिल्लानं ठरवायचं. बळेच कोणाच्या हातात दिलं तर भीतीच पक्की होते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गुरगुरण्यावर फटका मारल्यानं. कुत्रा आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, मग ताठरतो आणि गुरगुरतो. मार बसला की गुरगुरणं बंद होतं, भीती मात्र तशीच राहते. "काही न सांगता चावला" म्हणतात ते असे पुष्कळ कुत्रे. गुरगुरला की मागे सरा आणि कारण शोधा.

जेवताना गुरगुरत असेल तर वाडग्यात हात घालून 'सवय' लावू नका. पाच-सहा फुटांवरून मांसाचा तुकडा टाका आणि निघून जा. तुम्ही येताच तो सैल अंगानं मान वर करून वाट पाहू लागला, की काही दिवसांनी एक पाऊल पुढे. भराभर गिळू लागला किंवा ताठरला तर घाई झाली. दोन पावलं मागे या. हे काम मोठ्यांचं, मुलांना त्यात घेऊ नये.

शांत कुत्रा अचानक खेकसू लागला तर शिकवण्याआधी पशुवैद्याकडे न्या. कान, दात किंवा सांधे दुखत असू शकतात. ज्यानं आधी चावा घेतलाय त्याला बाहेर नेताना जाळीचा मझल (तोंडावर बांधायचं मुसकं) घाला, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी घट्ट पट्ट्यात उन्हात कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. मझल पहिल्याच दिवशी बांधू नका. आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून नाक घालू द्या, पट्टा नंतर.