फोटोफ्रेमचा ट्रे आणि बदलता कागद

ट्रे सजवायला घेतला की बहुतेकांचा हात आधी मधोमध जातो, आणि पार्टी सुरू झाली की नेमका तोच भाग पेले आणि बश्यांखाली झाकला जातो. समुद्राच्या थीमसाठी केलेल्या माझ्या पहिल्या ट्रेवर मी मधोमध एक मोठा देवमासा रंगवला होता. सहा पेले मांडल्यावर त्याची फक्त शेपटी उरली. तेव्हापासून मी सारी सजावट कडेच्या सहा ते आठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात करते आणि मधला भाग एकाच शांत रंगाचा ठेवते. ट्रे भरलेला असताना कडा बोलतात, आणि रिकामा होत गेला तरी मध्यभाग ओका दिसत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. दर पार्टीला नवा ट्रे रंगवणे महाग तर पडतेच, शिवाय वर्षभरात घरात पाच-सहा अडगळीचे ट्रे जमतात. म्हणून ट्रे एकच, पण भक्कम करावा आणि थीम त्यात सरकवता येईल अशी ठेवावी, असे माझे ठाम मत झाले आहे. यासाठी जुन्या लाकडी फोटोफ्रेमइतकी सोयीची वस्तू मला अजून सापडलेली नाही. ए-३ कागद बसेल अशी, म्हणजे आतून साधारण ३० बाय ४२ सेंटिमीटरची फ्रेम घ्यावी. तेवढ्यात सहा पेले सुटसुटीत मावतात आणि छापील कागद न कापता बसतो.

मात्र फ्रेम ही भिंतीवर टांगण्यासाठी केलेली असते, वजन उचलण्यासाठी नव्हे, हे विसरून चालत नाही. पाव लिटरचा भरलेला काचेचा पेला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे सहा पेल्यांचे वजन अडीच-तीन किलोंवर जाते. मागचा पातळ हार्डबोर्ड आणि तो धरून ठेवणाऱ्या वाकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या यांच्या भरवशावर एवढे वजन कोणाच्या डोक्यावरून फिरवू नये. मी तो हार्डबोर्ड काढून टाकते, त्या जागी सहा मिलिमीटरचे प्लायवुड फ्रेमच्या बाहेरच्या मापाचे कापून घेते आणि प्रत्येक बाजूला दोन असे आठ स्क्रू लावून ते खालून बसवते. कागद बदलायचा असेल तेव्हा हे स्क्रू काढायला पाच मिनिटे पुरतात. स्क्रूसाठी आधी त्याच्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर फ्रेमचे लाकूड उभे चिरते. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांच्या सांध्यांत फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद भरून, दोरीने घट्ट आवळून रात्रभर ठेवले की सांधे ढिले पडत नाहीत.

हँडल म्हणून ड्रॉवरच्या मुठी उत्तम चालतात. त्यांचे स्क्रू फ्रेमच्या खालून वर येतात, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी फ्रेमची जाडी मोजून त्या लांबीचे स्क्रू घ्यावेत. फ्रेमची पट्टी दोन सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर हँडल लावण्याचा विचार सोडून द्यावा. तळाला चार कोपऱ्यांत नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या चिकटवल्या की स्क्रूची डोकी टेबलावर ओरखडे काढत नाहीत.

काचेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. फ्रेमची काच बहुधा दोनच मिलिमीटरची असते, पण तिला खालून सर्वत्र आधार असेल तर ती टिकते. पोकळी राहिली की तडकते. म्हणून कागद आणि प्लायवुड यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर घालून सगळे घट्ट बसते की नाही ते बोटाने दाबून पाहावे. ट्रे मुलांच्या पार्टीतही फिरणार असेल तर मात्र मी सुरुवातीपासूनच काच बसवत नाही. तीन मिलिमीटरचे ॲक्रिलिक घालते. ते सहजासहजी फुटत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून मऊ ओल्या कापडानेच पुसावे. काच असो वा ॲक्रिलिक, आचेवरून उतरवलेले भांडे थेट त्यावर ठेवू नये.

खरा शत्रू म्हणजे सांडलेला थेंब. काच आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीतून तो आत शिरतो आणि कागदावर तपकिरी कड उमटते. फ्रेम उघडून काचेच्या कडेने पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढावी आणि चोवीस तास हात लावू नये. काच कायमची बसते आणि कागद खालून बदलता येतो. ही एक पायरी चुकवली तर बाकीची मेहनत पहिल्याच पार्टीत वाया जाते.

आता कागद, म्हणजे सगळ्यात आनंदाचा भाग. जुने नकाशे, भेटवस्तूंचे कागद, कापडाचे तुकडे, जुन्या कॅलेंडरची पाने, काहीही चालते. मला सर्वांत आवडतो तो अवकाशाचा कागद. काळ्या कार्डपेपरवर पांढरा ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून घ्यायचा, त्यात जुना टूथब्रश बुडवून झटकायचा आणि कागदापासून वीतभर अंतरावर धरून अंगठा केसांवरून आपल्याकडे ओढायचा. रंग जास्त पातळ झाला तर थेंबांची थारोळी होतात, म्हणून पहिला फटका वर्तमानपत्रावर मारावा. तारे सगळीकडे सारखे पसरू द्यायचे नाहीत. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दाट आणि मध्याकडे विरळ होत गेले की काळोखाला खोली येते. जंगलाच्या थीमला दाबून पूर्ण वाळवलेली पाने लावावीत. ती जराही ओली राहिली तर काचेखाली बुरशी धरतात.

काचेच्या वर मात्र मी काहीही चिकटवत नाही. एकदा कडेने ग्लू गनने शिंपले लावले होते. गरम पेयाची किटली त्यांना टेकली, गोंद मऊ झाला आणि दोन शिंपले घसरून बशीत पडले. लहान मूल ते तोंडात घालणार तोच कोणीतरी पाहिले. चमकीही याच कारणाने कायमची काचेखाली गेली आहे. फ्रेम रंगवली असेल तर तिच्यावर पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचे दोन हात द्यावेत, तरीही खाण्याचे पदार्थ बशीतच ठेवावेत, कारण सजावटीचे रंग आणि व्हार्निश हे अन्नाशी थेट संपर्कासाठी बनवलेले नसतात.

ट्रे तयार झाला की पार्टीच्या आदल्या दिवशी सहा पेले काठोकाठ पाण्याने भरून तो घरभर फिरवून आणावा. कोपरा कुरकुरला किंवा हँडल हलले तर ते तेव्हाच कळते आणि स्क्रू आवळायला वेळ हातात असतो. वापरलेले कागद मी मोठ्या फाइलमध्ये सपाट ठेवते आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने थीम आणि वरची बाजू लिहून ठेवते. सध्या त्या फाइलमध्ये नऊ कागद आहेत. ट्रे अजून तो एकच आहे.