304 असूनही डाग कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

"माल 304 च होता ना?" हे विचारायचीही एक ठरलेली पद्धत आहे. 304 म्हणजे रेलिंगला वापरतात त्या स्टेनलेस स्टीलची एक ग्रेड. एका हातात मोबाइल, त्यात रेलिंगवरच्या तपकिरी डागांचे फोटो. दुसऱ्या हातात फ्रिजवरून काढलेलं लोहचुंबक: चिकटलं तर माल खोटा, हा हिशेब. घोडबंदरपासून उलव्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, कमिटी मेंबर असाच भेटतो. दोन वाक्यांत उत्तर दिलं की त्याला ती टोलवाटोलवी वाटते. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी ते चुंबक खिशात ठेवा. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे आतली रचना अशी राहते की चुंबक चिकटत नाही. पण हे सपाट पत्र्याला किंवा सरळ पाइपला लागू. पाइप वाकवला किंवा सिंकचा कोपरा प्रेसमध्ये खोल ओढला, की त्या ताणाने तिथली रचना बदलते आणि चुंबक हलकेच ओढ घेतं. वेल्डिंगच्या जोडावरही घेतं, कारण जोड थंड होताना तडकू नये म्हणून भरण्याच्या तारेत थोडं फेराइट, म्हणजे चुंबकाला ओढ देणारी लोखंडाची रचना, मुद्दाम राखलेलं असतं. आणि ज्या मालाला तुम्ही घाबरता तो 202 किंवा जे-फोर, या स्टेनलेसच्या स्वस्त ग्रेड? त्यात निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे तुमच्या परीक्षेत हलका माल पास आणि अस्सल 304 चा बेंड नापास. चुंबकाने फार तर 430 सारखा बिननिकेलचा माल ओळखू येतो, आणि तो रेलिंगला सहसा कुणी लावत नाही.

खरंच तपासायचं असेल तर थेंबाची किट मिळते: पृष्ठभाग घासून थेंब टाकायचा, 9 व्होल्टची बॅटरी जोडायची, मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. पण वाद पैशांचा असेल तर एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र, लावा. काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीजचे टक्के समोर येतात. तिला कार्बन दिसत नाही, त्यामुळे 304 आणि कमी कार्बनचं 304 एल यांतला फरक ती सांगणार नाही. पण दीड मिमीच्या पाइपला त्या फरकाने विशेष बिघडत नाही.

आता आमच्या, म्हणजे रेलिंगचं काम करणाऱ्यांच्या, बाजूचंही सांगतो. 304 सांगून जे-फोर खपवणारे आहेत. त्याहून जास्त चालते ती जाडीची चोरी. कोटेशनमध्ये दोन इंची पाइप दीड मिमी जाड, साइटवर 1.2. पॉलिश केलेल्या पाइपकडे बघून हे कुणालाही कळणार नाही, काटा मात्र सांगतो. बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले 0.02491, की मीटरमागे किलो. 50.8 मिमीचा सहा मीटर पाइप दीड मिमीत 11 किलो भरतो, 1.2 मध्ये 8.9. कळंबोलीच्या स्टील मार्केटातून माल येतो त्या दिवशी एक पाइप काट्यावर ठेवा. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या घाण्यातला ते सांगणारा) आणि पाइपवर छापलेला नंबर जुळतो का बघा. एवढं कुणी करत नाही, आणि डाग पडले की सगळे धातुशास्त्रज्ञ होतात.

स्टेनलेस गंजत नाही, असं आम्ही तरी कधी म्हणालो? क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो, काही नॅनोमीटरचा. दुधावरची साय काढली तर पुन्हा धरते, तसा ओरखड्यावर तो हवेतल्या प्राणवायूने पुन्हा धरतो. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अर्धा भाग, तो फोडतं. आणि जिथे हवा पोचत नाही, म्हणजे खांबाच्या तळाच्या बेस प्लेटखाली, ती झाकणाऱ्या झाकणाच्या आत, चिकटपट्टीच्या कडेला, तिथे फुटलेला थर भरून येत नाही. 304 चं सगळं दुखणं या दोन ओळींत आहे. कैरीचं लोणचं आपल्याकडे चिनी मातीच्या बरणीत ठेवतात, स्टीलच्या डब्यात महिनोन्‌महिने नाही, ते उगाच नाही. मीठ, आंबटपणा आणि मुक्काम, तिन्ही एकत्र आले की डब्याच्या तळाला टाचणीएवढे खड्डे पडतात. कुकरमध्ये गार पाण्यात खडेमीठ टाकून ते तळाशी बसू दिलं तरी तेच.

आता ज्या कामामुळे हे लिहावंसं वाटलं ते. नवी मुंबईत सीवूड्सला खाडीच्या अंगाला एक टॉवर. जिन्याला, लॉबीला आणि बाल्कन्यांना मॅट फिनिशची 304 ची रेलिंग, 50.8 चा पाइप, दीड मिमी, 100 बाय 100 च्या सहा मिमी बेस प्लेट, वरून गोल झाकण. ताबा देऊन महिना व्हायच्या आत तळमजल्याच्या लॉबीत उभ्या खांबांवर तपकिरी ओघळ. कमिटी चुंबक घेऊन खाली उतरली. सरळ पाइपला चिकटेना, बेंडला किंचित चिकटलं. "हे बघा, इथे चिकटतंय." पेमेंट थांबलं.

गन मागवली. सरळ पाइपवर क्रोमियम 18.1, निकेल 8.1, मँगनीज 1.3. चिकटणाऱ्या बेंडवरही तेच. माल खरा. सेक्रेटरी म्हणाले, "मग गंज खोटा का?" प्रश्न रास्त होता.

डाग कुठे आहेत यापेक्षा कुठे नाहीत ते आधी बघायचं. खाडीकडे तोंड करून खारा वारा थेट घेणाऱ्या वरच्या मजल्यांच्या बाल्कन्या स्वच्छ होत्या. लॉबीत वारा नाही, ऊन नाही, आणि तिथेच सर्वांत वाईट अवस्था. तीही खांबाच्या खालच्या फूटभरात; हाताला लागणारा वरचा पाइप चकचकीत. दोष मालात असता तर तो मजला आणि उंची बघून आला नसता. ग्राइंडिंगच्या वेळी उडालेलं लोखंड असतं, तर सुटे ठिपके दिसले असते, बहुतेक जोडाजवळ. आमच्यातले बरेच जण एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, गेटवर वापरलेली घासायची फ्लॅप डिस्क स्टेनलेसवर फिरवतात, मग ते लोखंड पृष्ठभागात रुतून गंजतं, आणि नाव 304 चं खराब होतं. ती शंका इथेही होती. पण हे ठिपके नव्हते. झाकणाच्या कडेपासून वर चढत विरळ होत गेलेला धुरकट पट्टा होता.

झाकण उचललं. आत ग्राउटचा, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरतात त्या सिमेंटचा, पांढरा चिखल, ओलसर, त्याखाली पिवळट तपकिरी पाणी. प्लेटच्या कडेला नखाला लागतील असे खड्डे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कापूस आत फिरवून पिळला, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. दह्यासारखा पांढरा साका बसला, म्हणजे क्लोराइड भरपूर. दहाव्या मजल्यावरच्या झाकणातून घेतलेल्या कापसाला जेमतेम धुरकटपणा आला.

लॉबीच्या टाइल्सवरचं ग्राउट काढायला ॲसिड ओतलं होतं. हार्डवेअरच्या दुकानात कॅनमधून मिळतं ते, म्हणजे हायड्रोक्लोरिक. फरशी धुतली गेली, झाकणाखाली शिरलेलं धुतलं गेलं नाही. शिवाय बंद लॉबीत त्याच्या वाफा फिरल्या. तो वर चढत जाणारा पट्टा त्यांचाच. 304 ला याहून वाईट काही देता येणार नाही, खारा वारा यापुढे किरकोळ.

टाइलवाला म्हणाला, पाणी मारलं होतं. बिल्डरचा इंजिनिअर म्हणाला, खाडी शेजारीच आहे, क्लोराइड कुठूनही येईल. त्यात तथ्य आहे. सिल्व्हर नायट्रेट क्लोराइड दाखवतं, ते समुद्राचं की कॅनमधलं हे सांगत नाही. मजल्यांमधला फरक माझ्या लेखी पुरेसा होता, कमिटीच्या लेखी नव्हता.

दुरुस्ती अशी झाली. सगळी झाकणं उचलून भरपूर गोड्या पाण्याने धुणं. नायलॉनच्या घासणीने, पॉलिशच्या रेघांच्या दिशेने घासणं. तारेची घासणी अजिबात नाही. मग लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घेऊन पृष्ठभाग निदान 20 मिनिटं ओला ठेवणं आणि पुन्हा पाणी. पिकलिंग पेस्ट मुद्दाम टाळली. ती नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिकची; खड्ड्यांना उत्तम, पण मॅट पाइपवर पांढरट चट्टा सोडते, आणि राहत्या इमारतीच्या लॉबीत हायड्रोफ्लुओरिक आणणं हा गुन्हाच म्हटला पाहिजे. खोल खड्ड्यांच्या प्लेट बदलल्या. झाकणाच्या कडेला न्यूट्रल सिलिकॉन भरला. व्हिनेगरचा वास येतो तो सिलिकॉन इथे नको, तो स्वतःच आंबट असतो.

यावर नेहमीचा सल्ला येतो: 316, म्हणजे 304 च्या वरची ग्रेड, का नाही लावलं? मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो, खाडी दिसली की 316, विषय संपला. कागदावर ते बरोबरच आहे. त्यातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे खड्ड्यांना प्रतिकार वाढतो. हिशेबाच्या सूत्रात 304 ला 18-19 गुण मिळतात, 316 ला 24 च्या आसपास. पण त्या लॉबीत 316 असतं तरी हायड्रोक्लोरिकने सोडलं नसतं. आणि खरखरीत पॉलिशचं 316 खाऱ्या वाऱ्यात चहाच्या रंगाचे डाग धरतं. पृष्ठभागाचा खरखरीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या आत ठेवला तर मीठ बसायला जागा कमी मिळते. मग ग्रेड वाढवायची की पॉलिश? बजेटमध्ये दोन्ही बसत नाहीत तेव्हा काय सांगावं, हे मला आजही प्रत्येक साइटवर नव्याने ठरवावं लागतं. पाम बीच रोडला खाडीकडच्या उघड्या बाल्कनीला 316 सांगतो. आतल्या जिन्याला सांगणारा तुमचा खिसा कापतोय.

एक सांगितलं पाहिजे: रेलिंगवरचे डाग बहुतेक वेळा दिसण्यापुरतेच असतात. क्लबहाउसच्या इनडोअर पूलच्या छताला टांगलेलं स्टेनलेस ही वेगळी गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर इथे 1985 साली पूलवरचं काँक्रीटचं छत कोसळून 12 माणसं गेली. छत पेलणारे स्टेनलेसचे टांगते बार क्लोराइड आणि ताण यांनी मिळून तडकवले होते. तिथे 304 लावू नका, 316 ही नाही, आणि याबाबतीत कंत्राटदाराचा शब्द घेऊ नका, माझाही नाही.

पावसाळ्यात गंज वाढतो असं सगळे सांगतात. उघड्या रेलिंगचं उलटं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस ती फुकटात धुतो. मीठ साचतं ते दिवाळीपासून मेपर्यंत, आणि सर्वांत जास्त जिथे पाऊस कधीच पोचत नाही तिथे: वरच्या पाइपच्या पोटाला, स्लॅबच्या आडोशाला. म्हणून त्या आठ महिन्यांत महिन्यातून एकदा भांड्याचा साबण, मऊ फडकं आणि गोडं पाणी, पाइपच्या खालूनही. ब्लीचिंग नको, टॉयलेट क्लीनर नको.

हे सीवूड्सच्या कमिटीला लिहून दिलं, तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं की हे काम घालायचं कुणाच्या कंत्राटात? हाउसकीपिंगवाल्याच्या यादीत लॉबीची फरशी आठवड्यातून दोनदा आहे, रेलिंग नाही. फरशी कशाने पुसतो ते विचारलं. बादली बघितली. त्यात पुन्हा तेच ॲसिड होतं, पाणी घालून. आमचं शेवटचं बिल अजून अडकलेलं आहे, आणि नव्याने आलेल्या मेंबरांपैकी एकाने परवाच फोटो पाठवलाय. सोबत चुंबक आहेच.