गाडीसाठी स्वस्तातला जीपीएस: बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या

गाडीत रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस यंत्राच्या मागं बारीक अक्षरात छापलेला सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि मगच पैसे द्या. माझ्या बिलावर नुसतं ‘जीपीएस, १ नग’ एवढंच होतं. त्या एका ओळीपायी नवा नकाशा मिळायला २३ दिवस लागले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मोबाईल असताना वेगळं यंत्र कशाला, असं सगळेच विचारतात. मे महिन्यात लातूर-अंबाजोगाई-माजलगाव अशी फेरी मारा. काचेला लावलेला मोबाईल तापून आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात रेंज गेली आणि नेमकं तिथंच वळण चुकलं, तर पुढचा रस्ता कळायला मार्ग नाही. जीपीएस यंत्रात नकाशा आतच साठवलेला असतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, उपग्रहांच्या सिग्नलला पैसे पडत नाहीत.

माझी मर्यादा दहा हजारांची होती. एवढ्यात तीन प्रकार समोर येतात. पहिला, सात इंची बिनकंपनीची यंत्रं. आत विंडोज सीई ही छोट्या यंत्रांसाठीची जुनी प्रणाली, ८०० बाय ४८० चा स्क्रीन आणि कुठून तरी कॉपी केलेला नकाशा. खोक्यावर ‘आजीवन मोफत अपडेट’ लिहिलेलं असतं, पण ते कुणी आणि कुठून द्यायचं याचा पत्ता नसतो. दुसरा, पाहुण्यांनी अमेरिकेहून आणलेलं चांगल्या कंपनीचं यंत्र. त्यात नकाशा तिकडचा असतो, भारताचा वेगळा घालावा लागतो. तिसरा, नावाजलेल्या कंपनीचं पाच इंची साधं मॉडेल, भारताच्या नकाशासह. मी तिसरं घेतलं आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. पाच इंच पुरतात. सात इंची यंत्र समोरचा रस्ता झाकतं आणि खड्ड्यात स्टँडसकट हलत राहतं.

दुकानात तपासायचं ते नकाशाचं वय. सोलापूर-बीड-धुळे रस्त्यावर नकाशा नेऊन बघा. तिथं राष्ट्रीय महामार्गाचा नवा नंबर ५२ न दिसता जुना २११ दिसला, तर आत जुनीच माहिती पडून आहे. परभणी-नांदेडकडच्या रस्त्यावर ६१ ऐवजी २२२ दिसला तरी तेच. मग समृद्धी महामार्ग शोधा. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. नकाशा त्याआधीचा असेल, तर संभाजीनगरजवळच्या सावंगीला महामार्गावर चढल्यावर गाडीचा बाण उघड्या रानात चालताना दिसतो आणि यंत्र सारखं कुठल्यातरी गावरस्त्याला वळायला सांगतं. ताशी १२० ची मर्यादा असलेल्या आणि फक्त इंटरचेंजलाच उतरता येणाऱ्या रस्त्यावर हा घोळ परवडत नाही.

पाठोपाठ आपली पाच ठिकाणं टाइप करून बघा. इंग्रजी स्पेलिंगवर सगळं अडतं. बीड डबल ई नं आहे की एका आय नं? केजमध्ये ए आहे की नाही? अंबाजोगाई की आंबेजोगाई? बऱ्याच यंत्रांत यादीत नसलेलं अक्षर कीबोर्डवर फिकट होतं. बी, ई दाबून दुसऱ्या ई वर बोट नेलं आणि तो फिकट झालेला दिसला, तर गाव नाही असं समजू नका, दुसरं स्पेलिंग टाका. संभाजीनगर सापडलं नाही तर औरंगाबाद, धाराशिव नसेल तर उस्मानाबाद. पिंपळगाव, वडगाव असल्या नावांची गावं ढिगानं आहेत, म्हणून आधी तालुका निवडा, मग गाव.

माझ्या यंत्रातला नकाशा जुना निघाला. ‘अपडेट मोफत आहे, दहा मिनिटांचं काम’ असं दुकानात सांगितलं होतं. घरी लॅपटॉपला जोडलं तर यंत्र चार्ज होत राहिलं, लॅपटॉपला ते दिसेचना. गाडीत चार्जिंगसाठी दिलेली केबल फक्त वीज देते, डेटासाठी वेगळी केबल लागते आणि ती खोक्यात नव्हती. केबल आणली, तर कंपनीकडं यंत्राची नोंदणी अडली. आमच्या सिरियल नंबरवर मोफत नकाशाचा हक्कच नोंदलेला नव्हता. सर्व्हिस सेंटरनं बिल मागितलं. बिलावर सिरियल नंबर नाही, म्हणून ते परत. दुकानदार म्हणाला, सेंटरला विचारा. सेंटर म्हणालं, दुकानातून दुरुस्त बिल आणा. एकदा तर सेंटरनं ‘अपडेट करून दिलं’ म्हणून यंत्र हातात ठेवलं आणि घरी येऊन पाहतो तर बदललं होतं सॉफ्टवेअर, नकाशा तोच.

हा फरक नीट लक्षात ठेवा. सेटिंगमध्ये यंत्राच्या माहितीत दोन ओळी असतात, एक सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि एक नकाशाची. नकाशाच्या ओळीत बहुतेक वेळा वर्ष असतं. यंत्र देताना त्या दोन्ही ओळींचा फोटो काढा आणि परत घेताना काउंटरवरच ताडून बघा. मी तो फोटो, सिरियल नंबरचा फोटो आणि दुरुस्त बिल असं तिन्ही एकाच मेलमध्ये पाठवलं, तेव्हा कुठं चौथ्या दिवशी नोंदणी झाली. आधीचे १९ दिवस नुसत्या फोनवर गेले. फोनवर काही मागू नका, लेखी मागा.

नकाशा उतरवण्याआधी यंत्रातल्या सगळ्या फाइली, लपवलेल्यासुद्धा, लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा. मध्येच केबल निघाली तर नवा नकाशाही नाही आणि जुनाही नाही, अशी गत होते. हे काम रात्री करा. दुपारी लोडशेडिंग आणि मोबाईलचं हॉटस्पॉट या दोन्हींवर काही जीबीचं डाउनलोड निभत नाही. लॅपटॉपची स्लीप सेटिंग बंद ठेवा. आतली जागा कमी पडली तर ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड लॅपटॉपवर ‘एफएटी३२’ हा पर्याय निवडून फॉरमॅट करून घाला. अमेरिकेहून आणलेलं यंत्र गार्मिनचं असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला, भारताचा फुकट नकाशा कार्डवर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून चालतो. गावरस्ते त्यात बरेच असतात, घरनंबर मात्र मिळत नाहीत.

नकाशा बदलल्यावर, किंवा यंत्र महिनोन्‌महिने कपाटात राहिलं असेल तर, पहिल्यांदा मोकळ्या मैदानात गाडी उभी करून पंधरा मिनिटं चालू ठेवा. उपग्रहांची पूर्ण यादी उतरायला साडेबारा मिनिटं लागतात आणि पक्कं ठिकाण मिळायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. चालत्या गाडीत, झाडाखाली हे रेंगाळतं आणि माणूस यंत्रच खराब समजतो. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तरी सिग्नल कमजोर पडतो.

व्हॉट्सअॅपवर आलेले ठिकाणाचे अक्षांश-रेखांश यंत्रात भरताना आधी पद्धत बघा, अंशाचे दशांश की अंश-मिनिटं. लातूरचे अक्षांश १८.४० म्हणजे १८ अंश २४ मिनिटं. ते १८ अंश ४० मिनिटं म्हणून भरलं तर १६ मिनिटांचा फरक पडतो. एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे तुम्ही उत्तरेला जवळजवळ ३० किलोमीटर भलतीकडं.

‘सगळ्यात जवळचा रस्ता’ हा पर्याय पावसाळ्यात बंदच ठेवा. यंत्राला पाणंद आणि डांबरी यातला फरक कळेलच असं नाही, आणि काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. ‘सगळ्यात लवकरचा’ निवडा आणि कच्चे रस्ते टाळण्याची खूणही करा. गावरस्त्यांचा प्रकार नकाशात बऱ्याचदा नोंदलेला नसतो, त्यामुळं शेवटचे दोन-तीन किलोमीटर माणसालाच विचारा.

उन्हात उभ्या गाडीत यंत्र काचेला ठेवू नका, आतली बॅटरी फुगते. काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. स्टँड काचेला चिकटवणारा रबरी कप सुटायला लागला तर कोमट पाण्यानं धुऊन वाळवा, काच पुसा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात दाबून बसवा. एअरबॅगच्या झाकणावर कधीच नको. आणि गाडी बंद केल्यावर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये वीज राहते का तेही बघून ठेवा. राहत असेल तर रात्री प्लग काढा, नाहीतर गाडीची बॅटरी थोडी थोडी उतरत राहते.